दुसरी वेलांटी

ट्रंकेचं झाकण बसेना म्हणून सुनीतीवहिनी शेवटी त्याच्यावर स्वतःच बसल्या, आणि नेमकी त्याच क्षणी दाराची कडी वाजली... एकदा वाजली, थांबून दुसऱ्यांदा वाजली आणि तिसऱ्यांदा वाजवावी की नाही या विचारात वाजायचीच राहिली! अशी अडीच वेळा कडी वाजवणारा मनुष्य वहिनींनी उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता. सकाळपासून त्यांचा उजवा डोळा लवत होता. बाहेर लखनौच्या तेलीबागेवर तीन दिवस असं धुकं बसलं होतं की, गल्लीतली माणसं शपथेवर सांगत होती, काल एक दूधवाला चुकून स्वतःच्याच घरी दूध घालून आला आणि त्याच्याच बायकोनं 'पाणी फार घालतोस भैया' म्हणून त्याला चार गोष्टी सुनावल्या. अशा धुक्यातून जो येतो तो चांगली बातमी आणत नाही, हे वहिनींच्या मनानं धरलेलंच होतं.

"कोण?"

"मैं हूँ भाभीजी... बृजबिहारी."

मुंशी बृजबिहारीलाल! त्यांच्या दिराचे, भास्करचे मुंशी! भास्करनं वकिलीचा काळा कोट पहिल्यांदा अंगात घातला तेव्हापासून त्याची तारीख-पेशी, त्याचं टपाल, त्याचा चष्मा आणि त्याचा राग हे सगळं सांभाळणारा सत्तरीचा म्हातारा. गेल्या सात वर्षांत तो या दारी दोनदा आला होता. दोन दिवाळ्यांना, मिठाईची टोपली घेऊन. दोन्ही वेळा वहिनींनी टोपली उंबऱ्यावरूनच परत धाडली होती.

"भाभीजी, साहब जज हो रहे हैं." मुंशीजींनी खाटेच्या कडेला टेकत कार्ड पुढं केलं. "कल साढ़े दस बजे शपथ है."

वहिनींनी कार्डाला हात लावला नाही. "साहब ने भेजा?"

मुंशीजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "सूची में आपका नाम साहब ने नहीं लिखा था... मैंने लिख दिया."

"ठीकच केलं भास्करनं." वहिनी मराठीत पुटपुटल्या, आणि मग त्यांच्याशी हिंदीत म्हणाल्या, "मैं तो आज शाम की गाड़ी से जा रही हूँ मुंशीजी. मुंबई, और वहाँ से वाई. हमेशा के लिए."

का जात होत्या वहिनी? नोकरी संपली होती, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्या ट्रंकेतही मावलं नसतं! भास्कर उद्या आयुष्याची सर्वांत मोठी पायरी चढणार होता, आणि तो ती चढेपर्यंत आपली अशुभ सावली या शहरावरून उचलून नेली पाहिजे, एवढ्या एका भयानं, वर्तमानपत्रात नेमणुकीची बातमी वाचल्यापासून, ती साध्वी आठ दिवस अन्नपाण्यावाचून तळमळत होती.

वहिनी वाईच्या दत्तात्रय मास्तरांची लेक. एकोणसाठ साली रेल्वेतल्या जगदीश इंजिनियरशी लग्न होऊन लखनौला आली, ती सासरच्या माणसांत एक नवरा आणि एक नऊ वर्षांचा पोरका दीर एवढीच शिदोरी घेऊन. दुसऱ्या वर्षी जगदीश तापानं गेला. तेवीस वर्षांची पोर! मास्तर न्यायला आले. दारात ट्रंक बांधून तयार, आणि भास्करनं काय करावं? कार्टं त्या ट्रंकेवर जाऊन झोपलं! उठेचना. वहिनींनी ट्रंक सोडली, रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी धरली, आणि त्या दिवसापासून त्या त्याच्या वहिनीही झाल्या, आईही झाल्या, मास्तरही झाल्या.

मास्तर तर अशा, की काय सांगावं! पोरगं दिवसभर हिंदी शाळेत हिंदी बोलून यायचं. त्याचं मराठी जाऊ नये म्हणून वहिनींनी एक कायदा केला होता. बासष्ट साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम निघाले, तेव्हा दत्तात्रय मास्तरांनी जावयाच्या मृत्यूनंतर प्रथमच लेकीला चार पानी पत्र लिहिलं, आणि त्यात शोक एक पान अन् शुद्धलेखन तीन पानं! 'आता शब्दाच्या शेवटी सर्वत्र दुसरी वेलांटी. हिंदीवाले पहिली देतील, तिकडं बघू नये.' झालं! भास्कर शाळेतून आला की दार आतून बंद. आतून वहिनी विचारणार, "शब्दाच्या शेवटी वेलांटी कुठली?" बाहेरून भास्करनं ओरडायचं, "दुसरी!" की दार उघडायचं. क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांना वाटायचं, हा मराठ्यांचा काही मंत्र असावा. एका सरदारजीनं तर घरात चोरी झाल्यावर नवीन कुलपाबरोबर हाही मंत्र मागून नेला होता म्हणतात.

पोरगं वाढलं ते या मंत्रावर. वकील झालं. कैसरबागेच्या कचेरीत अजून सांगतात, भास्करच्या उलटतपासणीत एका सराईत खोट्या साक्षीदाराला उचकी लागली ती तीन तारखा थांबली नाही; चौथ्या तारखेला त्यानं खरं सांगितलं तेव्हाच थांबली. एकोणनव्वद साली गावोगावचे अशील दारात येऊन बसले, 'पंडितजी, आमच्या वतीनं विधानसभेत बोला.' भास्कर अपक्ष उभा राहिला, चिन्ह शिलाई मशीन. निवडूनही आला. पहिल्या भाषणात बोलता बोलता तो हिंदीतून मराठीत घसरला, आणि दोन्हीकडच्या आमदारांनी ते संस्कृत समजून बाकं वाजवली! दीड वर्षांत सभा विसर्जित झाली, पुढच्या निवडणुकीत पडला, पुन्हा काळा कोट घातला, आणि आता... आता हायकोर्टाच्या जज्जाची खुर्ची!

पण ज्या दिवशी तो पहिल्यांदा निवडून आला, त्या दिवशी त्याला ओवाळायला वहिनी घरात नव्हत्या.

त्याच्या बारा दिवस आधीची गोष्ट. प्रचाराची धामधूम, भास्कर खेड्यापाड्यांत. घरी त्याची बायको लतिका बाळंत होऊन महिना झालेला, पण पाळणा रिकामा. मूल मृतच जन्मलं होतं. वहिनींनी रात्रीचा दिवस करून तिची शुश्रूषा केली. त्या संध्याकाळी पेज घेऊन त्या खोलीच्या दाराशी आल्या, आणि आतून लतिकाचा रडवा, त्रासलेला स्वर कानांवर पडला. माहेरून आलेल्या आईला ती म्हणत होती,

"आई गं, या पांढऱ्या पायानं माझा जीव नकोसा केलाय! कधी जाणार हे एकदाचं!"

पेजेची वाटी हातातच थिजली... पांढरा पाय! ज्या घरात शिरेल तिथलं माणूस खाणारा! नवरा खाल्ला, आता वंशाचा अंकुर खाल्ला! आणि 'ही' नव्हे, 'हे'! माणसातून काढून टाकलेल्या बाईला म्हणतात तसं, 'कधी जाणार हे!' वहिनींना त्या शब्दांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना ते पटलं! अंतःकरणाच्या तळाशी अठ्ठावीस वर्षं दडवून ठेवलेली शंका दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, की ती शंका राहत नाही, निकाल होतो.

त्याच रात्री त्यांनी चिठ्ठी लिहिली, टपालाच्या ढिगावर ठेवली, आणि पहाटे घर सोडलं. आणि काय चमत्कार! त्या गेल्या अन् बाराव्या दिवशी भास्कर आमदार झाला. वर्षात पाळणा हलला, वेदिका जन्मली. आणखी पुरावा तो काय हवा? एकदाच, फक्त एकदा, एक्क्याण्णव साली तेलीबागेत त्याची सभा होती तेव्हा मायेनं घात केला. लोकांच्या पाठीमागं, खांबाआड उभ्या राहून त्यांनी त्याला डोळे भरून पाहिलं. त्या निवडणुकीत तो पडला! त्यानंतर वहिनींनी त्याचा वर्तमानपत्रातला फोटोसुद्धा हातानं झाकून बाजूची बातमी वाचली.

आणि चिठ्ठीचं उत्तर? ते कधी आलंच नाही. 'त्यालाही पटलं असेल,' असं म्हणून त्या माउलीनं सात वर्षं उशी भिजवली.

"भाभीजी," मुंशीजींनी काखेतला कागदांचा लाल बस्ता सोडला. "एक काम और था. जज होने के बाद वकालत के काग़ज़ कैसे रखें? चेंबर खाली हो रहा है. जिसका काग़ज़, उसको लौटा रहा हूँ. ये आपका निकला."

टाचणीच्या गंजानं पिवळा डाग पडलेली एक घडी. वहिनींनी ती उलगडली. त्यांचंच अक्षर...

'चि. भास्कर यास अनेक आशीर्वाद. तुझ्यावर किंवा लतिकावर माझा राग नाही. माझ्या पांढऱ्या पायाने तुझ्या संसारावर आणखी आपत्ती नको, म्हणून जाते. ही शिक्षा माझी मी घेतली आहे. चेष्टा समजू नकोस. वहिनी.'

आणि वर टाचलेली एक पर्ची. मुंशीजींची ही पद्धत साऱ्या कचेरीला ठाऊक होती. आलेला प्रत्येक कागद ते आधी वाचणार, त्यावर हिंदीत दोन ओळींचा आशय लिहून टाचणार, आणि साहेब फक्त आशय ऐकणार. त्या पर्चीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

'भाभीजी घर छोड़ गईं. आपसे और बहूजी से अब कोई राग नहीं रहा. आपके संसार पर उन्हें आपत्ति है. कहती हैं, शिक्षा मेरी दी हुई है. लौटाने की चेष्टा न करें.'

वहिनींनी ती पर्ची एकदा वाचली. पुन्हा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली... आणि एकेक शब्द उलटा होत गेला! हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, शिक्षा म्हणजे शिकवण, चेष्टा म्हणजे खटपट!

"मुंशीजी... साहब ने ये चिट्ठी पढ़ी थी?"

"कहाँ भाभीजी! दौरे पर थे. फ़ोन आया, मैंने आशय सुना दिया. मराठी तो हिंदी की सगी बहन ठहरी, अक्षर भी वही." म्हातारा जरा अभिमानानंच म्हणाला. "इतना ही बोले, फाड़ दो."

"फिर फाड़ा क्यों नहीं?"

"काग़ज़ फाड़ने वाला हाथ भगवान ने दिया ही नहीं."

म्हणजे भास्करला ते पटलं नव्हतं! त्याला ते ठाऊकच नव्हतं! सात वर्षं तो समजत होता की वहिनीची माया आटली, वहिनीला त्याचा संसार खुपला, वहिनीनं शिकवल्याचे उपकार तोंडावर फेकले... हसावं की आक्रोश करावा? वहिनी हसल्या. अशा हसल्या की मुंशीजी घाबरून उठून उभे राहिले.

"राग माने क्या होता है मुंशीजी?"

"राग? राग माने... अनुराग. प्रेम."

"मराठी में राग माने गुस्सा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग पायरी पायरीनं उतरत गेला. "और... और आपत्ति?"

वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं. बावीस वर्षांची इमानी चाकरी त्या दोन डोळ्यांत हात जोडून उभी होती. खरं सांगितलं तर हा म्हातारा आत्ता, या खाटेवर मरेल. आणि खरं भास्करला कळलं, तर तो वेडा पोर या धुक्यात, शपथेच्या आदल्या दिवशी, धावत इथं येईल... या पांढऱ्या पायाच्या दारी! नको रे देवा! सात वर्षं राखलं, आता एका दिवसासाठी घात नको!

"आपत्ति माने आपत्ति," त्या शांतपणे खोटं बोलल्या.

"और शिक्षा?"

"शिक्षा माने शिक्षा. आपने सब ठीक लिखा है. लाइए, इसे चूल्हे में डाल दूँ."

"मैं जला दूँगा भाभीजी. इसमें मेरी पर्ची भी है." मुंशीजींनी घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि ते धुक्यात विरघळून गेले. कागद फाडणारा हात ज्याला नाही, त्याला जाळणारा तरी कुठून असणार, हे वहिनींच्या ध्यानात यायला हवं होतं!

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पीसीओतून त्यांनी स्टेशनात चौकशी केली. धुक्यामुळं मुंबईची गाडी चौदा तास उशिरा. उद्या सकाळी दहाला सुटेल. रिसीव्हर ठेवताना वहिनींच्या मनात आलं, मला न्यायला गाडीसुद्धा धजत नाही!

सकाळी आठला चारबाग स्टेशनला जायला ऑटो सांगितली होती. वहिनी शाल गुंडाळून ट्रंकेवर बसून राहिल्या. पावणेआठ झाले... आणि रायबरेली रोडच्या बाजूनं ब्रेकचा एक लांबलचक चीत्कार आला, धाडकन आवाज झाला, माणसं ओरडली, आणि मग सगळं शांत. धुक्यात शांततासुद्धा जाड होते. वहिनींना कुणी काही सांगायला नको होतं. तो आला होता. आणि ती आली होती. आपत्ती!

पावलं वाजली. अडखळत, धावत. दारावर मुठी आदळल्या.

"वहिनी!"

सात वर्षांनी तो स्वर! वहिनी दाराकडं झेपावल्या, कडीवर हात गेला, आणि तिथंच थांबला. "लागलं का रे कुठं?"

"नाही गं, म्हैस आडवी आली. गाडी कठड्याला घासली, एवढंच. म्हशीला काही झालं नाही. उलट तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच माफी मागून आलो. दार उघड!"

"नाही! परत जा भास्कर! बघितलंस ना, दारापर्यंत पोचायच्या आतच... परत जा राजा! शपथ होईपर्यंत माझं तोंड बघू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!"

बाहेर कागद उलगडल्याचा आवाज.

"वहिनी, एकच विचारतो. मग जातो. शब्दाच्या शेवटी वेलांटी कुठली?"

पस्तीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, तो बंद दरवाजा, पाठीवर दप्तर घेतलेला तो पोर... फक्त आज आत मास्तरीण कोंडलेली होती आणि बाहेर उभा होता तो परीक्षा घेत होता! ओठ घट्ट मिटले तरी तो शब्द थांबेना, हुंदक्याबरोबर बाहेर पडलाच,

"दुसरी!"

"दुसरीच आहे!" दारापलीकडं भास्कर ढसाढसा रडू लागला. "तू दुसरीच लिहिली आहेस गं! 'आपत्ती'! मुंशीजींनी पहिली वाचली... आणि मी? मी वाचलीच नाही! कोर्टात दुसऱ्यांच्या कागदांचा काना-मात्रा तपासणारा मी, माझ्या आईच्या चार ओळी ऐकीव पुराव्यावर फेटाळल्या मी! काल रात्रभर तो म्हातारा ही चिठ्ठी घेऊन माझ्या पायरीवर बसून होता, पहाटे दार उघडल्यावर दिसला. उठायलाच तयार नाही. म्हणतो, मला शिक्षा द्या, मराठीतली!"

"त्यांना काही बोलू नकोस हं," वहिनी आतून कळवळल्या. "त्यांचा दोष नाही. दोष माझ्या पायाचा..."

"तेच विचारायला आलोय. हा पांढरा पाय कुणी काढला? कुणाच्या तोंडून ऐकलंस?"

सात वर्षं जे नाव वहिनींनी ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते आत्ता तरी कसं येणार?

"माझ्या ना?" दुसराच एक आवाज आला. दमलेला, धापा टाकणारा. लतिका! "वहिनी, मीच ना? आईशी बोलत होते तेव्हा? तुम्ही पेज घेऊन आला होता. वाटी उंबऱ्यावर तशीच राहिली होती, त्यावर साय धरली होती... अहो वहिनी, मी माझ्या पायाला म्हणत होते! बाळंतपणानंतर माझा डावा पाय सुजून पांढराफटक पडला होता, तुम्ही आणखी काळजी कराल म्हणून तुमच्यापासून पांघरुणात लपवला होता! पुढं डॉक्टरांनीसुद्धा त्या दुखण्याला तेच नाव दिलं, 'व्हाइट लेग'. 'कधी जाणार हे' म्हणजे ते दुखणं हो! अजून गेलं नाही मेलं. आत्ताही गल्लीच्या तोंडापासून इथवर फरपटत आलेय, बघा तरी दार उघडून!"

कडी सरकली.

धुक्याच्या पांढऱ्या पडद्यापुढं दोघं उभी होती. भास्करच्या काळ्या शेरवानीला चिखल लागला होता. लतिकानं साडी घोट्यापासून वर धरली होती, आणि सुजलेला, फिकट पाय वहिनींच्या दाराच्या प्रकाशात पुढं केला होता, साक्षीदारासारखा.

वहिनींनी त्या पायाकडं पाहिलं. दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या कानानं एक साधा शब्द चुकीचा ऐकला! मुंशीजींनी चिठ्ठी चुकीची वाचली, वहिनींनी लतिकाला चुकीचं वाचलं. सात वर्षं! त्या तिथंच खाली बसल्या आणि लतिकाचा तो पाय मांडीवर घेऊन पदरानं पुसू लागल्या. लतिका म्हणत राहिली, "वहिनी, नका हो, पाप लागेल मला," आणि दोघींच्या अश्रूंनी तो पाय पुन्हा पुन्हा ओला होत राहिला.

"चल," भास्कर म्हणाला. "साडेदहाला मी दुसऱ्यांना शिक्षा द्यायची शपथ घेणार. त्याआधी तू मला दे."

डोळे पुसता पुसता वहिनींचा जुना खट्याळपणा कुठूनसा वर आला. "कुठली? मराठीतली की हिंदीतली?"

"दोन्ही!"

"मग 'आपत्ती' हा शब्द शंभर वेळा लिही. पण एका रविवारी एकदाच. माझ्यासमोर बसून."

शपथविधीला वहिनी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशालाच बसल्या. भय असं एका सकाळीत जात नाही. भास्करनं कागद हातात घेतला, तोंड उघडलं, आणि दालनातले सगळे दिवे फट्कन गेले! वहिनी ताडकन उठल्या. पळून जावं, आत्ताच... तेवढ्यात शेजारून कुणीतरी पदर ओढला. सहा वर्षांची वेदिका. आजवर न पाहिलेल्या या आजीकडं तिनं असं पाहिलं, जणू हिला एवढंही ठाऊक नाही!

"दादी, बैठिए ना! बत्ती तो रोज़ जाती है."

वहिनी बसल्या. काळोखातून भास्करचा आवाज आला. स्पष्ट, न अडखळता.

पुढं रविवार रविवार करत ती वही भरत गेली. विकास नगरच्या घरात, वहिनींच्या खोलीत, हायकोर्टाचा जज्ज जमिनीवर मांडी घालून एक शब्द लिहायचा आणि वहिनी तांबडी पेन्सिल घेऊन तपासायच्या. मुंशीजी कोपऱ्यात बसून बघायचे. त्यांनी तर एवढा धसका घेतला होता की हिंदी अर्जांतसुद्धा दुसरी वेलांटी घालू लागले, आणि कचेरीतले नवे कारकून म्हणू लागले, मुंशीजी सठिया गए, म्हातारचळ लागला!

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत शंभरावा रविवार आला. वहिनी तेव्हा उशीला टेकूनच बसत. डॉक्टरांनी भास्करला बाहेर बोलावून काही सांगितलं होतं, ते त्यानं वहिनींना सांगितलं नव्हतं. आणि वहिनींना ते डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं, ते त्यांनी भास्करला सांगितलं नव्हतं.

भास्करनं शंभरावी ओळ लिहिली. वही पुढं केली. वहिनींनी चष्मा लावला.

"हे काय? पहिली दिलीस?"

"चुकलं वाटतं."

वहिनींनी त्याच्याकडं टक लावून पाहिलं. त्याची नजर वहीवर. कान लालबुंद, दहाव्या वर्षी ट्रंकेवर झोपल्याचं सोंग करताना झाले होते तसे. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी त्या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ काढलं.

"रद्द. पुढच्या रविवारी पुन्हा."

पुढच्या रविवारी न्यायमूर्तींनी पुन्हा चूक केली. त्याच्या पुढच्याही. चौदा रविवार तो तसाच चुकत राहिला आणि चौदा रविवार त्या तसंच रद्द करत राहिल्या. वर्तुळं मात्र दर खेपेला थोडी अधिक थरथरत गेली.

ती वही भास्करच्या टेबलाच्या खणात अजून आहे. शेवटच्या पानावर खाली, पंधराव्यांदा लिहिलेला तोच शब्द आहे. पहिल्या वेलांटीचा, चुकलेला. त्याच्याभोवती वर्तुळ नाही.